नव्वद दिवसांत हात न लागलेल्या वस्तू

आमच्या ह्यांना घरात कधी कुणी घाबरलेलं नाही. पण त्या रविवारी सकाळी ते लाल आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले, तेव्हा आमची लेक पटकन उठली आणि आपला फोन उशीखाली ठेवून आली.

ह्यांचं काम यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात. सव्वीस वर्षं एकाच गोदामात. तिथं प्रत्येक खोक्याला एक कार्ड असतं आणि त्या खोक्याला शेवटचा हात कधी लागला त्याची तारीख कार्डावर असते. नव्वद दिवसांत हात लागला नाही की खोक्यावर लाल चिठ्ठी. मग येत्या शनिवारी ते खोकं बाहेर. ह्याला ते डेड स्टॉक म्हणतात, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलतो की लेकीच्या जन्माच्या वेळीही एवढा खुलला नव्हता. ह्या पद्धतीनं त्यांनी गोदामाच्या दोन अख्ख्या रांगा मोकळ्या केल्या आणि कंपनीनं खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. अजून भिंतीवर आहे. त्याला कुणी चिठ्ठी लावलेली नाही.

आता कंपनीनं जादा तास बंद केले होते. पगार खाली आला होता आणि खर्च जिथल्या तिथं. म्हणून ह्यांनी बँकेतून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी ऑफिसात छापून आणली होती. अकरा पानं. एकेक ओळ वाचायची, शेवटचा हात कधी लागला ते विचारायचं आणि चिठ्ठी लावायची, असा कार्यक्रम होता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मजा आली. सिनेमे बघायची दोन ॲपं निघाली, दोन्हींवर तेच सिनेमे. पाणी गाळायच्या यंत्राच्या देखभालीचा करार निघाला. ते यंत्र आम्ही तीन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, आणि त्याची देखभाल इतकी चोख चालली होती की दर महिन्याला पैसे वेळेवर जात होते. मग वर्तमानपत्र निघालं.

"हे कोण वाचतं?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी? मी आईसाठी चालू ठेवलंय."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना गेल्या वर्षापासून वाचता येत नाही, पण ते पुढं येईलच. लेक म्हणाली, तिला वाटायचं मी वाचते. मी ते कपाटाच्या फळ्यांवर अंथरत होते. तिघंही एकमेकांसाठी पैसे भरत होतो आणि कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. आम्ही गृहीत धरतो.

"लाल!" लेक ओरडली आणि मी स्वतः चिठ्ठी फाडून दिली.

ह्यांची व्यायामशाळा आली तेव्हा जरा गंमत झाली.

"शेवटचे कधी गेला होतात?"

"पुढच्या महिन्यापासून जाणारच आहे."

"बाबा, नव्वद दिवस!"

"त्याला पिवळी लावू," हे म्हणाले. पिवळी म्हणजे विचाराधीन. लेकीच्या गाण्यांच्या ॲपला मात्र लाल लागली, आणि ती दोन दिवस बापाशी बोलली नाही.

दहा पानं झाली. अकरावं पान ह्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. "उरलेलं ऑफिसात बघतो," म्हणाले. मी चहा टाकायला उठले होते. ते पान मी बघायला हवं होतं. बावीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल यायला हवी होती. नाही आली.

*

मी खुर्च्या भरते. म्हणजे जुन्या खुर्च्या, कोच, दिवाण उघडायचे, आतला सडलेला काथ्या काढायचा, स्प्रिंगा पुन्हा बांधायच्या, वर नवं भरण आणि नवं कापड. ऐकायला सोपं वाटतं. एका खुर्चीतून दीडदोनशे खिळे काढावे लागतात, एकही लाकूड न फाडता. हे काम मी ज्या वर्कशॉपात करायचे, तिथं आठ टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबल महिन्याच्या भाड्यानं मिळतं. वर्कशॉपचा मालक सुतार आहे. त्याला सगळे सुतारमामा म्हणतात आणि मला सगळे खुर्चीताई म्हणतात. माझं टेबल सात नंबरचं, खिडकीशी. ते मिळायला मी चार वर्षं थांबले होते.

चौदा महिन्यांपूर्वी मी त्या टेबलाशीच होते, तेव्हा लेकीचा फोन आला की आजी पडली. सासूबाईंची उजवी बाजू गेली. उजवा हात, उजवा पाय, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही. ज्या बाईनं वीस वर्षं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिच्याकडं दोनच शब्द शिल्लक राहिले. एक "नको" आणि दुसरा "बघू". दुखलं तरी "बघू", सूप गरम असलं तरी "बघू", मी दिवा मालवला तरी "बघू". कशाचा काय अर्थ ते मला आता डोळ्यांवरून कळतं.

पहिले तीन महिने दिवसाची बाई ठेवली होती. मी सकाळी वर्कशॉपात जायचे, संध्याकाळी येऊन पुढचं बघायचे. मग एका रविवारी हे म्हणाले, "बाईचा खर्च फार होतोय. घरात माणूस असताना बाहेरचं माणूस कशाला?"

घरातलं माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. सांगितलं ना, आमच्यात पद्धत नाही. मी सुतारमामांना म्हटलं, दोन महिन्यांत येते. टेबलाचं भाडं दोघांच्या खात्यातून जात होतं. त्या खात्यात मीसुद्धा सोळा वर्षं खुर्च्यांचे पैसे भरलेले आहेत, हे इथं सांगून ठेवते, कारण नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोन महिन्यांचे अकरा झाले. माझं टेबल तसंच होतं. त्यावर एक खुर्ची होती, उघडलेली, नऊ स्प्रिंगांपैकी पाच बांधून झालेल्या. ती सासूबाईंची. उंच पाठीची, रुंद हातांची. त्या खुर्चीवर त्या सोडून कुणी बसायचं नाही असा दंडक होता. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी चुकून बसले, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ताडकन उठले. त्यानंतर वीस वर्षं आमची त्या खुर्चीवरून धुसफूस चालू होती. शेवटी बैठक पार खाली गेली, स्प्रिंगा टोचायला लागल्या, तेव्हा नाक मुरडत त्यांनीच ती माझ्या स्वाधीन केली. "ने. बघू तुला काय येतं ते," म्हणाल्या. माझं काम त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मला ती खुर्ची अशी करून द्यायची होती की त्यांच्या तोंडातून शब्द फुटू नये. शब्द गेलेच, पण माझ्या खुर्चीमुळं नाही.

*

बुधवारी सकाळी मी सासूबाईंचा हात करत होते. त्यांच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असते. ती त्या मिटत नाहीत, ती आपोआप मिटते. दिवसातून तीनदा ती उघडावी लागते. घाई केली तर बोटं आणखी आवळतात आणि त्यांना कळ लागते. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा बाहेर काढायचा, मग एकेक बोट. आत ओला कपडा फिरवायचा, कोरडा करायचा, थोडं तेल, आणि मग रुमालाची गुंडाळी मुठीत ठेवायची, नाहीतर नखं तळव्यात रुततात. पहिल्या महिन्यात मला हे येत नव्हतं आणि त्यांच्या तळव्याला जखम झाली होती. आता मला पाच मिनिटं लागतात.

हे मात्र रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता दारात येतात. "कशी आहेस आई? बरी आहेस ना?" विचारतात. पलंगाच्या पायथ्याकडं दार आहे. सासूबाई डोळे मिटून उघडतात. हे मान डोलवतात आणि जातात. एक दिवसही चुकलेले नाहीत. नातेवाइकांना त्याचं फार कौतुक.

तर फोन वाजला. माझे हात तेलाचे, म्हणून मी कोपरानं स्पीकर लावला.

"खुर्चीताई, किल्ली कधी आणून देताय?" सुतारमामा विचारत होते.

"कसली किल्ली?"

"टेबलाच्या कपाटाची. साहेबांचा मेल आलाय ना. टेबल सोडताय म्हणून."

"काय लिहिलंय? वाचून दाखवा."

मामांनी चष्मा शोधला, मग अडखळत वाचलं. "'सात क्रमांकाचे टेबल गेल्या नव्वद दिवसांत वापरात नसल्याने पुढील महिन्यापासून बंद करावे. टेबलावरील सामान वापरात नसल्याने त्याची विल्हेवाट लावावी. अनामत रक्कम खात्यात जमा करावी.'" मग खाकरून म्हणाले, "सामान म्हणजे ती खुर्ची ना ताई? एवढं चांगलं लाकूड. मला काही ती भंगारात द्यायला जीव होईना. म्हटलं एकदा विचारावं."

मी कोपरानं फोन जवळ ओढला.

"आणि एक सांगतो," मामा म्हणाले, "मेलबिल मला कळत नाही. आमच्याकडं कसं, ज्याची किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं खिळ्यावर लावायची, की टेबल सुटलं. तोवर मी टेबल मोकळं धरत नाही. पण शनिवारपर्यंतच थांबता येईल. रांगेत दिव्यांच्या शेड बनवणारी एक बाई आहे, ती सोमवारी यायची म्हणतेय. पाच वर्षं थांबलीय बिचारी. तिला मी काय सांगू?"

"सांगते," म्हटलं आणि कोपरानंच फोन बंद केला. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं कळतं. जीभ गेली, कान शाबूत आहेत.

"बघू," त्या म्हणाल्या.

"काय बघू?" मी त्यांच्यावरच खेकसले. "काय उरलंय बघायला?"

आणि मग मूठ अर्धी उघडलेली तशीच धरून मी रडले. रागानं रडले. मला रागानं रडू येतं आणि त्याचाही मला राग येतो.

*

दिवसभर मी भांडी आपटली. भांड्यांचा काही दोष नव्हता. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आधी बाई बंद करायची. मग मी घरी बसायचं. मी घरी बसले म्हणून टेबल रिकामं. टेबल रिकामं म्हणून ते बंद. आधी माझे पाय बांधायचे आणि मग चिठ्ठी लावायची की ही चालत नाही! आणि हे सगळं नियमाप्रमाणं, स्वच्छ भाषेत, कुणावरही आवाज न चढवता. मारलं असतं तर निदान दिसलं असतं.

दुपारी पर्समधून किल्ली काढली. लहानशी पितळी किल्ली, तिला निळ्या कापडाची पट्टी बांधलेली. ते सासूबाईंच्या खुर्चीसाठी आणलेलं कापड. ती हातात घेऊन बसले आणि मग सासूबाईंना पाणी द्यायच्या वेळी त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली, औषधांच्या शेजारी.

सहा वाजता हे आले. दारात गेले, "कशी आहेस आई?" झालं, आणि बाहेर येऊन बूट काढायला बसले.

"सुतारमामांना मेल केलात?"

"हो, तेच सांगणार होतो. अनामत परत मिळतेय, बघितलंस का?" त्यांचा आवाज अगदी मोकळा होता. त्यांना खरंच वाटत होतं की मला आनंद होईल.

"मला का नाही विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? अकरा महिने तू गेली नाहीस. मी एकट्या तुझंच केलं नाही. माझी व्यायामशाळासुद्धा बंद केली शेवटी." हे त्यांनी असं सांगितलं की जणू जमाखर्च फिटला.

"मी का गेले नाही?"

"आता त्यात कशाला शिरायचं? आईचं आहे म्हणून. मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग त्याला वापरात नाही म्हणतात?"

"अगं, गोदामात पण असंच असतं. खोकं का पडून आहे ते आम्ही बघत नाही. पडून आहे एवढंच बघतो. कारणं बघत बसलो तर एक रांग मोकळी व्हायची नाही." मग समजुतीच्या सुरात, "आई बरी झाली की पुन्हा घे ना टेबल. कोण नको म्हणतंय?"

"चार वर्षं थांबून मिळालं होतं ते. आता रांगेत गेले तर मी पन्नाशी ओलांडून जाईन. आणि आई बऱ्या होणार आहेत, असं कुणी सांगितलं तुम्हाला? डॉक्टरांनी? मला तर वेगळंच सांगितलं."

बुटांची नाडी ओढत ते म्हणाले, "ओरडू नकोस. आई ऐकेल."

"ऐकू दे! ती खुर्ची कुणाची आहे टेबलावरची? विल्हेवाट लावा म्हणालात ना? कुणाची आहे?"

"कुठली खुर्ची?"

बघा. कुठली खुर्ची. चौदा महिने घरात ती खुर्ची नाही आणि ह्या माणसाला, ज्याला गोदामातल्या नऊ हजार खोक्यांची जागा पाठ आहे, आपल्या आईची खुर्ची कोपऱ्यातून गेलेली दिसली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंमत अशी की एवढा राग आला आणि दुसऱ्या क्षणी तो गळूनच गेला. भिंतीशी काय भांडायचं? त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे. ह्यांना सगळं मोकळं हवंय ना, होऊ दे. टेबल जाऊ दे, खुर्ची जाऊ दे, मी पण खोक्यात जाऊन बसते.

"घ्या किल्ली," मी म्हटलं. "आत स्टुलावर आहे. मी हातानं लावणार नाही. तुम्हीच लावा खिळ्यावर आणि सांगा, बायको मेली म्हणून."

"काहीतरी बोलू नकोस," ते म्हणाले. पण उठले. त्यांच्या हिशेबात टेबल शनिवारी बाहेर जायचं होतं. कागद पुरा करायचा होता.

मी पण मागोमाग गेले. का गेले माहीत नाही. कदाचित ते खरंच घेतात का ते बघायला.

स्टुलावर औषधं होती, पाण्याचा पेला होता, किल्ली नव्हती.

ह्यांनी स्टुलाखाली बघितलं. पेला उचलून बघितला. मग त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई सरळ त्यांच्याकडं बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. हा चेहरा मी ओळखते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले होते तेव्हाचा.

"आई, किल्ली घेतलीस का?"

"नको," सासूबाई म्हणाल्या.

हे दारातून आत गेले. चौदा महिन्यांत किती वेळा आत गेले असतील, मी मोजलेलं नाही. पलंगाच्या बाजूला उभे राहिले, वाकले, आणि त्यांनी आईचा उजवा हात धरला. मूठ मिटलेली होती.

"दे बघू," ते हसून म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. "आई, हट्ट करू नकोस. उघड मूठ." आणि त्यांनी बोटं उघडायला सुरुवात केली. मूठ आणखी आवळली. त्यांनी जोर लावला. सासूबाईंच्या घशातून आवाज आला, बारीक.

"सोड," मी म्हटलं.

"अगं, तिनं घट्ट धरून—"

"सोड तिला! तो हात चालत नाही!"

बावीस वर्षांत माझ्या तोंडून त्यांना कधी "तू" गेलं नव्हतं. ते त्यामुळं दचकले की दुसऱ्या गोष्टीमुळं, सांगता येत नाही. हातात आईचा हात तसाच होता.

"उजवा चालतो ना?" ते म्हणाले. "डावा गेलाय. मी रोज बघतो."

"दारातून बघतोस. दारातून तुझा उजवा तो तिचा डावा. उजवी बाजू गेलीय तिची. चौदा महिने झाले." माझा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. "ती मूठ तिनं आवळलेली नाही. ती तशीच असते. मी रोज तीनदा उघडते. आत रुमाल आहे बघ. किल्ली नाहीये."

त्यांनी बघितलं. बोटांच्या फटीतून रुमालाचं टोक दिसत होतं. त्यांनी हात सोडला नाही, पण ओढायचं थांबवलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. मला त्यांची दया आली का? नाही आली. खोटं कशाला सांगू?

"नव्वद दिवस म्हणत होतास ना?" मी म्हटलं. "शेवटचा हात कधी लावलास तिला? तारीख सांग."

तारीख नव्हती त्यांच्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात चादर हलली. सासूबाईंचा डावा हात, चांगला हात, पांघरुणाखालून बाहेर आला. त्यात निळी पट्टी दिसत होती. किल्ली त्यांनी मुलाच्या पुढं धरली नाही. हात पलंगावरून आडवा माझ्याकडं केला. एवढा लांब हात त्यांना फार वेळ धरवत नाही. मी पुढं होऊन किल्ली घेतली. किल्ली गरम झाली होती. किती वेळ धरून बसल्या होत्या कोण जाणे.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मी सांगितलं म्हणून टाकली. गुरुवार आणि शुक्रवार मी घरीच थांबले आणि त्यांना सगळं करायला लावलं. कूस बदलणं, तोंड पुसणं, सूप भरवताना उशी कुठं लावायची. मी खुर्चीवर बसून सांगत होते, हात लावला नाही. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला. बुधवार आणि शनिवार गोदामात दुसऱ्याला बसवता येईल म्हणाले, कापले जातील थोडे पैसे. दिवसाची बाई आणखी दोन दिवसांसाठी बघू म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. माफ केलं असंही कुणी समजू नये. ते घड्याळ मात्र भिंतीवरून गेलं. कुणी काढलं मी विचारलं नाही.

मामांना मी कळवलं की किल्ली खिळ्यावर लागणार नाही. दिव्यांच्या शेडवाल्या बाईचं मला वाईट वाटलं. तिला सांगा, म्हटलं, खुर्ची एका बाजूला सरकवली तर माझं टेबल आठवड्यातून तीन दिवस रिकामंच असेल, तिला चालणार असेल तर तिनं यावं. मामा म्हणाले, विचारतो.

शनिवारी सकाळी मी पर्स घेतली, किल्ली घेतली, आणि जाता जाता सासूबाईंच्या दाराशी थांबले. हे पलंगाजवळ बसले होते. पाण्याचं भांडं, कपडा, तेल, कोरडा रुमाल सगळं स्टुलावर रांगेनं मांडलेलं. मांडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी आईचा हात मांडीवर घेतला होता, बरोबर बाजूचा. आणि नेहमीप्रमाणं सरळ बोटांना भिडले होते.

"आधी मनगट," मी दारातून म्हटलं. "मनगट वाकव, मग अंगठा. आणि घाई करू नकोस."

त्यांनी मनगट वाकवलं. अंगठा सुटला. मग एक बोट, मग दुसरं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्या बोटाला त्यांनी मान वर करून आईकडं बघितलं आणि विचारलं, "आई, दुखतंय का? येतंय का मला?"

सासूबाईंनी मुलाकडं बघितलं, मग दारात माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बघू."